मंजूर झालेला रुपया आणि उभं राहिलेलं घर

आजचा विषय ऐकायला कोरडा आहे: सरकारी पैशाचं व्यवस्थापन आणि त्यातला भ्रष्टाचार. हा विषय निघाला की बोलणं लगेच दिल्ली-मुंबईकडं वळतं, मोठे घोटाळे आणि मोठे आकडे यांच्याकडं. आज आपण उलट्या बाजूनं जाऊ. रायगड जिल्ह्यातल्या महाड तालुक्यातलं तळीये हे गाव समोर ठेवू आणि विचारू, की सरकारनं मंजूर केलेला रुपया अशा गावात घर होऊन उभा राहीपर्यंत कुठून कुठून जातो, कुठं थांबतो आणि कुठं गळू शकतो.

२२ जुलै २०२१. तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर आला. ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच दिवशी शेजारच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथंही दरडी कोसळल्या. महाड शहर स्वतः पुरात होतं, त्यामुळं मदत पोहोचायलाही वेळ लागला. पुढच्या काही दिवसांत घोषणा झाल्या. मृतांच्या वारसांना राज्याकडून ५ लाख, केंद्राकडून २ लाख, आणि म्हाडा गाव नव्यानं वसवून देईल. दोन वर्षांनंतरही बरीच कुटुंबं कंटेनरच्या तात्पुरत्या घरांत राहत होती.

एक गोष्ट आधीच सांगतो. तळीयेच्या घरांत कुणी पैसे खाल्ले असा आरोप मी करत नाही, तसं म्हणायला माझ्याकडं आधारही नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. ‘निधी मंजूर झाला’ आणि ‘घराची किल्ली हातात आली’ ही दोन वेगवेगळी वाक्यं आहेत. पहिल्या वाक्याचा हिशेब ठेवायला आपल्याकडं मोठी यंत्रणा आहे, दुसऱ्याचा हिशेब मात्र वाट बघणाऱ्या माणसालाच ठेवावा लागतो. या दोन वाक्यांमधल्या अंतरात उशीर राहतो आणि भ्रष्टाचारही तिथंच राहतो. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, आणि ही खरी अडचण आहे.

रुपयाचा प्रवास

हा प्रवास सोप्या भाषेत बघू. विधिमंडळ अर्थसंकल्प मंजूर करतं. घटनेनुसार विधिमंडळाच्या मंजुरीशिवाय राज्याच्या संचित निधीतून रुपया बाहेर काढता येत नाही. मंजूर रक्कम लेखाशीर्षांत विभागलेली असते. मग खातं शासन निर्णय काढतं, म्हणजे आपला जीआर. कामाला प्रशासकीय मान्यता मिळते, म्हणजे ‘हे काम करायचं, एवढ्या पैशात करायचं’. नंतर तांत्रिक मान्यता, म्हणजे ‘नकाशा आणि अंदाजपत्रक बरोबर आहे’. मग निविदा, कार्यादेश, आणि प्रत्यक्ष काम. काम होत जाईल तसा अभियंता मोजमाप पुस्तकात नोंद करतो, ज्याला सगळे ‘एम.बी.’ म्हणतात. त्या नोंदीवर बिल बनतं, आहरण व संवितरण अधिकारी सही करतो, कोषागारातून पैसे निघतात. शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र जातं: दिलेला निधी ज्या कामासाठी होता त्याच कामावर खर्च झाला. आणि पुढं केव्हातरी लेखापरीक्षण होतं.

दहा-बारा टप्पे झाले. प्रत्येक टप्प्यावर कुणाची तरी सही आहे आणि प्रत्येक सहीमागं चांगलं कारण आहे. ते कारण म्हणजे सार्वजनिक पैशाचं रक्षण. पण गावात बसलेल्या माणसाला यातलं काय दिसतं? सुरुवातीची घोषणा आणि शेवटचं घर. मधलं सगळं फायलीत.

आता आपत्तीच्या पैशाचं बघा. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत सर्वसाधारण राज्यांसाठी ७५ टक्के वाटा केंद्राचा आणि २५ टक्के राज्याचा असतो. यातून काय, किती द्यायचं याचे निकष ठरलेले असतात. २०२१ मध्ये जे निकष लागू होते त्यांत पूर्ण पडलेल्या घरासाठी मैदानी भागात ९५,१०० रुपये आणि डोंगराळ भागात १,०१,९०० रुपये होते. २०२२ नंतर ही रक्कम १.२० लाख आणि १.३० लाख झाली. एवढ्या पैशात घर होत नाही, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. म्हणजे गाव पुन्हा वसवायचं तर उरलेला पैसा दुसऱ्या लेखाशीर्षांतून, दुसऱ्या खात्यांकडून, कधी मुख्यमंत्री निधीतून, कधी देणगीतून आणावा लागतो. सुरक्षित जागा कोणती हे भूवैज्ञानिक सांगणार. जमीन महसूल खातं घेणार. घरं एक यंत्रणा बांधणार, पाणी दुसरी देणार, रस्ता तिसरी करणार, वीज चौथी. पैशाचे झरे अनेक आणि हिशेबाच्या वह्याही अनेक. सगळ्या वह्या एकत्र ठेवून ‘तळीये’ या नावाचं एक पान उघडता येईल, अशी व्यवस्था आपल्या हिशेबपद्धतीत मुळात नाही. आपले हिशेब खात्यांप्रमाणे लागतात, गावांप्रमाणे नाही.

पाच लाख लवकर आणि घर उशिरा, असं का?

वारसांना मिळणारी मदत तुलनेनं लवकर पोहोचते आणि घर रखडतं, हा अनुभव सगळीकडचा आहे. याचं कारण माणसांच्या चांगुलपणात शोधू नका, कामाच्या रचनेत शोधा. मदतीची रक्कम ठरलेली, यादी एक, निर्णय एक, पैसे थेट बँक खात्यात. कुणाला किती द्यायचं हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर फारसं नाही. घराचं उलटं आहे. जागा कोणती, दर काय, नकाशा कोणता, कंत्राटदार कोण, वाळू कशी, काम झालं की नाही, या प्रत्येक ठिकाणी कुणाला तरी ठरवायचं असतं.

रॉबर्ट क्लिटगार्ड नावाच्या अमेरिकी अभ्यासकानं १९८८ साली याचं एक सूत्र मांडलं. मक्तेदारी अधिक मर्जी, वजा जबाबदेही, बरोबर भ्रष्टाचार. ज्या जागी एकाच माणसाकडं अधिकार आहे, तो कसा वापरायचा हे त्याच्या मर्जीवर आहे आणि त्याला कुणी विचारणारं नाही, तिथं भ्रष्टाचार वाढतो. हे सूत्र गणितासारखं मोजता येत नाही, पण बोट कुठं ठेवायचं हे नेमकं सांगतं. ‘माणसं चोर आहेत’ असं म्हणून आपण सुटतो. सूत्र म्हणतं, जागा दाखवा.

तर जागा कोणत्या? मी पाच सांगतो.

पहिली, अंदाजपत्रक. दरसूचीतले दर, लांबचा वाहतूक खर्च, न लागणारं खोदकाम, असं करत काम कागदावरच महाग करता येतं. नंतर ‘सुधारित प्रशासकीय मान्यता’ घेऊन ते आणखी वाढवता येतं. रायगड जिल्ह्याला हे नवीन नाही. बाळगंगा आणि कोंढाणे या दोन धरणांच्या कामांवरून लाचलुचपत प्रतिबंधक विभागानं गुन्हे दाखल केले होते. राज्यातल्या सिंचनावर २०१२ मध्ये श्वेतपत्रिका निघाली, माधवराव चितळे यांची समिती नेमली गेली. त्या सगळ्या वादात सुधारित मान्यता हा शब्द पुन्हा पुन्हा आला.

दुसरी जागा, निविदा. अटी अशा घालायच्या की एकच ठेकेदार बसेल, किंवा तीन निविदा आल्या असं दाखवायचं आणि तिन्ही एकाच ओट्यावर बसून भरलेल्या असायच्या.

तिसरी, मोजमाप पुस्तक. माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत कमी चर्चेची जागा हीच. मुरूम किती पडला, पाया किती खोल गेला, सळई किती जाड, हे एका माणसानं लिहायचं आणि दुसऱ्यानं तपासायचं. पाया बुजला की खरं काय ते पुस्तकालाच माहीत. ‘टक्केवारी’ हा जो शब्द आपण चहाच्या टपरीवर ऐकतो, ती टक्केवारी वसूल होते ती बऱ्याचदा इथं, कमी सिमेंटमधून.

चौथी, यादी. लाभार्थी कोण, एकत्र कुटुंब एक धरायचं की दोन, मुंबईला कामाला असलेल्या भावाला घर मिळणार की नाही. महाड-पोलादपूरच्या वाड्यांमध्ये घरटी कुणी ना कुणी मुंबईत असतं. त्यामुळं हा प्रश्न किरकोळ नाही, आणि यादी करणाऱ्याच्या हातात मोठी मर्जी जाते.

पाचवी जागा, वेळ. हिच्याकडं कुणी भ्रष्टाचार म्हणून बघत नाही. फाइल अडवून ठेवणं हीसुद्धा विकायची वस्तू आहे. ज्याला घाई आहे तो पैसे देतो.

कोकणातला महिना

या पाचव्या जागेवर थोडं थांबू, कारण इथं कोकणाचं वेगळेपण आहे. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. खर्च न झालेला निधी व्यपगत होतो, म्हणजे परत जातो. त्यामुळं फेब्रुवारी-मार्चमध्ये निधी सोडायची आणि बिलं काढायची झुंबड उडते. देशभर हेच चालतं. पण महाड-पोलादपूरच्या डोंगरात बांधकामाचा हंगाम भातकापणी झाल्यावर सुरू होतो आणि मे अखेरीस संपतो. पाऊस लागला की भरलेला ट्रक घाटात चढत नाही, पायाच्या खड्ड्यात पाणी भरतं. म्हणजे नोव्हेंबरमध्ये मिळायला हवी असलेली मान्यता मार्चमध्ये मिळाली, तर हाताशी जेमतेम दोन महिने राहतात. फाइल थोडी अडते आणि काम वर्षभर मागं जातं. मंत्रालयातल्या एका सहीचा उशीर इथं एका पावसाळ्यात मोजावा लागतो.

मार्चच्या घाईचा दुसरा परिणाम असा, की निधी परत जाऊ नये म्हणून तो कोषागारातून काढून वेगळ्या खात्यात ठेवला जातो. त्याला ‘स्वीय प्रपंजी लेखा’ म्हणतात. कागदावर खर्च झाला, प्रत्यक्षात पैसा नुसता एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला. महालेखापरीक्षकांनी या खात्यांवर आणि प्रलंबित उपयोगिता प्रमाणपत्रांवर महाराष्ट्राबद्दल वारंवार बोट ठेवलं आहे. हे दरोडे नाहीत. पण ‘खर्च झाला’ या वाक्याचा अर्थच निसटतो, आणि अर्थ निसटला की चोर आणि साव यांच्यात फरक करायला साधन उरत नाही.

एकच तालुका, दोन अनुभव

आता याच तालुक्यातलं दुसरं उदाहरण. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. दोन एसटी बस माणसांसकट गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य असल्याचं सांगितलं गेलं होतं. तपासणी कागदावर पूर्ण होती, तरी पूल नदीत गेला. हे एक वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडं परत येऊ.

पण पुढचंही बघा. नवा पूल १६५ दिवसांत बांधून झाला आणि जून २०१७ मध्ये सुरू झाला. तीच नदी, तोच पाऊस, तीच सरकारी यंत्रणा. मग तिथं कसं जमलं? जबाबदार यंत्रणा एक होती. पैशाचा झरा एक होता. जागा ठरलेली होती, मोबदल्याची आणि यादीची भानगड नव्हती. तारीख जाहीर होती. आणि मुंबई-गोवा महामार्गावरून जाणारा प्रत्येक माणूस काम कुठवर आलं ते डोळ्यांनी बघत होता.

गाव वसवणं हे पुलापेक्षा अवघड काम आहे, तुलना शंभर टक्के लागू होणार नाही. महामार्गावरच्या पुलामागं जेवढा राजकीय जोर असतो तेवढा डोंगरातल्या वाडीमागं नसतो, हेही खरं. पण म्हणूनच शिकण्यासारखं आहे. जो जोर आपोआप मिळत नाही, तो हिशेबाच्या पद्धतीतून मिळवावा लागतो.

आणि नुसता वेग म्हणजे यश नाही. पुणे जिल्ह्यातलं माळीण. ३० जुलै २०१४ ला दरड, आणि २ एप्रिल २०१७ ला नव्या गावाच्या घरांचा ताबा. तीन वर्षांच्या आत. पण पहिल्याच पावसाळ्यात रस्ते खचल्याच्या आणि भेगा पडल्याच्या तक्रारी आल्या. म्हणजे तारीख पाळली गेली का, एवढंच विचारून भागत नाही. पाया किती खोल गेला, तेही विचारावं लागतं.

ठराव आणि पाणी

महाडला हा धडा शंभर वर्षं जुना आहे. रावबहादूर बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये चवदार तळं खुलं करण्याचा ठराव केला. कागद पक्का होता. तरी पाणी मिळालं नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. तो लढा माणुसकीच्या हक्काचा होता, त्याला हिशेबाचं उदाहरण म्हणून लहान करायचं नाही. पण त्यातली एक गोष्ट राज्यकारभाराबद्दलही आहे. मंजूर झालेला ठराव आपोआप अमलात येत नाही. तो अमलात आला की नाही, हे ज्याच्यासाठी तो केला त्यानं जाऊन बघावं लागतं.

बाबासाहेब मूळचे अर्थशास्त्रज्ञ, आणि त्यांचा एक मोठा अभ्यास प्रांतिक वित्तव्यवस्थेवर आहे. ३० मे १९४९ ला घटना समितीत महालेखापरीक्षकाच्या कलमांवर बोलताना त्यांनी असं मत मांडलं, की हा बहुधा घटनेतला सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे आणि त्याची कर्तव्यं न्यायसंस्थेच्या कर्तव्यांपेक्षाही महत्त्वाची आहेत. कारण लोकप्रतिनिधींनी मंजूर केलेला पैसा त्यांनी सांगितलेल्या कामावरच गेला की नाही, हे बघणारा तोच.

पण लेखापरीक्षणाला मर्यादा आहेत. ते मागाहून होतं. अहवाल राज्यपालांकडं जातो, विधिमंडळापुढं येतो, लोकलेखा समितीकडं जातो. तोवर तो अभियंता बदलून गेलेला असतो, ठेकेदाराची अनामत परत गेलेली असते. आणि ते बहुतेक वेळा कागद तपासतं. सावित्री पुलाची पाहणी कागदावर पूर्ण होती, हे आत्ताच आपण बघितलं.

काय केलं गेलं, आणि काय उरलं

सुधारणा झाल्याच नाहीत असं म्हणणं अन्यायाचं होईल. राज्यात निधीवाटप ‘बीम्स’ या संगणक प्रणालीवर आलं, त्यामुळं तरतूद नसताना बिल काढणं अवघड झालं. ई-निविदा आली, त्यामुळं निविदेचा कागदच न देणं, पेटी उघडताना दमदाटी करणं हे प्रकार कमी झाले. थेट लाभ हस्तांतरणामुळं मधला हात कापला गेला. वारसांचा पैसा खात्यात येतो तो त्यामुळंच.

पण नीट बघा, या सुधारणा रुपयाच्या प्रवासाच्या कोणत्या भागात झाल्या? वरच्या भागात. मंत्रालय ते कोषागार ते बँक. खालचा भाग, म्हणजे अंदाजपत्रक, मोजमाप आणि दर्जा, अजून बराचसा एका माणसाच्या वहीवर आणि सहीवर आहे. संगणकाला बिल दिसतं, पाया दिसत नाही. पाया गावाला दिसतो.

मग गावाला विचारलं तर? दोन देशांचे अनुभव सांगतो. युगांडामध्ये १९९१ ते १९९५ या काळात सरकार प्राथमिक शाळांना अनुदान देत होतं. अभ्यासकांनी शाळांत जाऊन मोजलं, तेव्हा सरासरी अवघे १३ टक्के शाळेपर्यंत पोहोचत होते. मग सरकारनं कोणत्या जिल्ह्याला किती रक्कम पाठवली हे वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली, शाळांवर ते लावायला सांगितलं. २००१ पर्यंत पोहोचणारा वाटा ८० टक्क्यांच्या वर गेला. सगळं श्रेय छापील जाहिरातीचं नाही, त्याच काळात इतर सुधारणाही झाल्या. पण ‘किती निघाले’ हे कळल्यावरच ‘किती आले’ हा प्रश्न विचारता येतो, एवढं नक्की.

दुसरा अनुभव इंडोनेशियाचा, आणि तो थोडा गैरसोयीचा आहे. तिथं सहाशेहून अधिक गावांतल्या रस्त्यांवर प्रयोग झाला. अभियंत्यांनी रस्ते खणून नमुने काढले आणि खर्च दाखवलेलं साहित्य खरंच आत आहे का ते तपासलं. काही गावांना आधीच सांगितलं होतं, की तुमच्या कामाचं लेखापरीक्षण नक्की होणार. तिथं गायब होणारा पैसा सुमारे ८ टक्केबिंदूंनी घटला. ज्या गावांत नुसत्या सभा मोठ्या केल्या, लोकांना बोलावलं, तिथं सरासरीनं फारसा फरक पडला नाही. म्हणजे ‘ग्रामसभा घ्या, सगळं ठीक होईल’ हे खरं नाही. आपल्या ग्रामसभांत कोण बोलतं आणि कोण गप्प बसतं, हे तुम्हाला सांगायला नको.

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेनं डिसेंबर १९९४ पासून ज्या जनसुनवाया घेतल्या, त्यांत या दोन्ही गोष्टी एकत्र होत्या. हजेरीपट आणि बिलं मिळवायची, आणि चौकात मोठ्यानं वाचायची. मेलेल्या माणसाच्या नावावर मजुरी निघाली की ऐकणाऱ्याला लगेच कळतं. त्यातूनच पुढं माहितीच्या अधिकाराची चळवळ उभी राहिली. महाराष्ट्रानं २००२ मध्ये आपला कायदा केला, देशाचा २००५ मध्ये आला. सूत्र असं: कागद हवा, तो वाचणारं गाव हवं, आणि गावानं बोट ठेवल्यावर खणून बघणारा, गावाबाहेरचा तपासनीस हवा. तिघांपैकी एक नसला तरी बाकीचे दोन लंगडे पडतात.

तर मग करायचं काय?

पुनर्वसनाच्या प्रत्येक गावासाठी चार गोष्टी मला आवश्यक वाटतात.

एक, गावाच्या नावाचं एकच हिशेबाचं पान. सगळ्या खात्यांचा, सगळ्या लेखाशीर्षांचा पैसा त्यावर दिसला पाहिजे. किती मंजूर, किती मिळाला, किती खर्च, आणि किती घरं जोत्यापर्यंत, किती छतापर्यंत, किती ताब्यात. शेवटचे तीन रकाने नसतील तर पहिल्या तिघांना अर्थ नाही. हे पान चावडीवर लागलं पाहिजे, मराठीत, दर महिन्याला.

दोन, फाइल कुठं आहे ते दिसलं पाहिजे. कुरिअरचं पाकीट कुठवर आलं हे मोबाइलवर कळतं, मग प्रस्ताव कोणत्या टेबलावर किती दिवस आहे हे का कळू नये? कोकणासाठी तारखा मार्चला बांधून चालणार नाहीत. नोव्हेंबरच्या आत सगळ्या मान्यता, हा नियम हवा.

तीन, पाया बुजण्याआधी मोजमाप गावासमोर. सळई बांधल्यावर, काँक्रीट ओतण्याआधी, ज्या कुटुंबाचं घर त्यातल्या एका माणसाची एम.बी.वर सही. आणि काही कामांची चिठ्ठ्या टाकून, बाहेरच्या यंत्रणेकडून, नमुने काढून तपासणी. ती होईपर्यंत ठेकेदाराची सुरक्षा ठेव परत जाऊ नये, आणि दोष दायित्वाच्या कालावधीत निदान दोन पावसाळे आलेच पाहिजेत. कोकणात घराची परीक्षा पाऊसच घेतो.

चार, आपत्तीआधीचा पैसा. १५ व्या वित्त आयोगानं राज्याच्या आपत्ती निधीतला २० टक्के वाटा धोका कमी करण्यासाठी वेगळा ठेवला. पाण्याचा निचरा, उतार बांधणं, यासाठी. याचा हिशेब कुणी मागत नाही, कारण न कोसळलेल्या डोंगराची बातमी होत नाही. १९ जुलै २०२३ ला खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हा ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे सरकारनंच सांगितलं. यादीत नाव नसेल तर पैसा येत नाही. म्हणून यादी कशी बनते हासुद्धा वित्तव्यवस्थापनाचाच प्रश्न आहे.

एक इशारा मात्र देतो. यावर उपाय म्हणून आणखी पाच सह्या वाढवू नका. प्रत्येक घोटाळ्यानंतर आपण एक नवी तपासणी जोडतो. त्यानं चोर थांबत नाही, तो एक वाटेकरी वाढवतो. थांबतो तो प्रामाणिक अधिकारी, कारण उद्या चौकशी लागेल या भीतीनं तो निर्णयच घेत नाही. सह्या कमी असाव्यात, पण प्रत्येक सही उघड दिसावी.

श्रोत्यांचा प्रश्न

एका श्रोत्यानं विचारलं आहे: हे सगळं सरकारनं करायचं. आम्ही आज काय करू शकतो?

चांगला प्रश्न. माहिती अधिकार कायद्याचं कलम २ (जे) वाचा. बहुतेकांना वाटतं, की या कायद्यात फक्त कागदाच्या झेरॉक्स मिळतात. तसं नाही. या कलमात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकार आहे. दहा रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तोही खर्च नाही, आणि ३० दिवसांत उत्तर. अर्जात ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहू नका, उत्तर मिळणार नाही. नेमकं मागा: अमुक कामाचं मंजूर अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तकाची पानं, दिलेल्या बिलांची यादी आणि दोष दायित्वाची शेवटची तारीख. पाच कागद. ते हातात घेऊन गावातल्या गवंड्याला सोबत न्या. अंदाजपत्रकात किती मिलिमीटरची सळई लिहिली आहे आणि बाहेर आलेली किती आहे, हे त्याला एका नजरेत कळतं. लेखापरीक्षकाला जे दोन वर्षांनी कळलं असतं, ते तो काँक्रीट ओतण्याआधी सांगेल. आणि तेव्हा सांगितलं तरच त्या घरातल्या माणसांच्या उपयोगाचं.